विलगीकरणातला हजर कामगार

ती घटना आठवली की मी आजही एकटाच हसतो. घरातले विचारतात, काय झालं? मी म्हणतो, काही नाही, एक जुनी केस. चौतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण हसवणारी केस ही एकच. तिच्यातली बहुतेक माणसं आजही त्याच भागात कामधंदा करून सुखाने राहत आहेत, म्हणून कोणाचंही नाव इथे घेणार नाही.

मी तेव्हा नगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती आणि कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे आम्ही सुतळी बांधली होती. लोक सुतळीच्या पलीकडून तक्रार सांगत. मास्कमुळे निम्मं ऐकू यायचं नाही, म्हणून प्रत्येक जण ओरडून सांगायचा, आणि नवरा-बायकोचं भांडण अख्ख्या बाजाराला कळायचं. सॅनिटायझरची बाटली ठाण्यातून दोनदा चोरीला गेली. पोलीस ठाण्यातून! शेवटी ती खिडकीच्या गजाला साखळीने बांधली.

अशाच एका सकाळी ठाण्याचा फोन वाजला. बोलणारा माणूस नाव सांगायला तयार नव्हता.

"साहेब, आमच्या वस्तीवर एक कोरोनाचा पेशंट हाय. चौदा दिवस घरात ऱ्हायला सांगितलंय त्याला. पन त्यो रोज कंपनीत कामाला जातोय. माझा भाचा त्याच कंपनीत हाय. रोज सकाळी ह्याच्या नावाची हजेरी लागती म्हनतो. सगळ्यांना मारनार हाय त्यो."

"तुम्ही स्वतः त्याला जाताना पाहिलंत का?"

"पाहिलं न्हाई. पन हजेरी खोटी असती का, साहेब?"

फोन ठेवला गेला. निनावी खबरीकडे दुर्लक्ष करायचं नाही आणि तिच्यावर विश्वासही ठेवायचा नाही, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो होतो. स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि दोन फोन केले. प्राथमिक आरोग्य केंद्रातून कळलं की तो माणूस पॉझिटिव्ह आहे, गृह विलगीकरणाचा आज नववा दिवस. कंपनी म्हणजे हमरस्त्यालगतचा एक कारखाना होता. तिथे सलाईनच्या नळ्या पॅक होत. त्या दिवसांत अशा कारखान्याला एका तासाचीही उसंत नव्हती. तिथल्या सुपरवायझरने रजिस्टर बघून सांगितलं, "हजर आहे साहेब. आत्ता लाईनवर उभा आहे. का बरं?"

मी म्हटलं, "काही नाही, सहज." आणि जीप काढायला सांगितली.

गोष्ट साधी नव्हती. आजारी माणूस बंद हॉलमध्ये नऊ दिवस वावरला असेल, तर त्याच्यावर रोग पसरवल्याचा गुन्हा दाखल करावा लागणार, आणि कारखानाही बंद करावा लागणार. इकडे नगरच्या दवाखान्यांत नळ्यांची वाट बघणारे रुग्ण खाटांवर पडून होते.

माझ्याबरोबर आमच्या महिला हवालदार होत्या. ठाण्यात सगळे त्यांना हवालदारबाई म्हणत. बोलायच्या कमी, बघायच्या जास्त. वस्तीवर पोचलो तर रानातल्या पत्र्याच्या खोलीत, दाराशी बाजेवर, आमचा संशयित पडलेला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. दारावर आरोग्य खात्याचा कागद चिकटवलेला. गावच्या आशाताई त्याच वेळी ऑक्सिजन मोजायला आल्या होत्या.

मी वीस फुटांवरून विचारलं, "कंपनीत कधी गेला होतास?"

तो कसाबसा उठून बसला. "कुठली कंपनी, साहेब? हितून विहिरीपातुर चालत जायची ताकद न्हाई. नऊ दिस झालं, हितंच हाय मी."

आशाताईंनी आपली वही पुढे धरली. "रोज दहाला येते मी. एकबी दिस चुकला न्हाई. बघा की, रोजचं ऑक्सिजन लिवलंय. कालच्यापरीस आज बरा हाय."

कारखान्याची पाळी सकाळी आठ ते साडेचार. म्हणजे दहा वाजता हा माणूस बाजेवरही होता आणि लाईनवरही. एक आशाताईंची वही, एक कारखान्याचं रजिस्टर, दोन्ही कागद खरे दिसणारे. मी डोकं खाजवत होतो तेवढ्यात हवालदारबाईंनी त्याला विचारलं, "घरात कोण कोण असतं?"

"मी आन् मालकीन. ती म्हायेरी गेल्ती कोपरगावकडं, बहिनीच्या बाळंतपनाला. मला ताप यायच्या आधी तीन आठवडं."

"कंपनीचा युनिफॉर्म कुठंय तुझा?"

त्याने गोधडी अंगावर ओढली. मग म्हणाला, "धुयाला टाकलाय."

"नऊ दिवस बाजेवर आहेस, आणि युनिफॉर्म मळला कसा?"

त्याने मान फिरवली आणि विहिरीकडे बघत बसला. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाची ही खूण आहे. सराईत माणूस अशा वेळी तुमच्या डोळ्यांत डोळे घालतो. मी आणखी दोनदा विचारलं. तो कुशीवर वळून पडला. आजारी माणसावर आवाज चढवणं मला पटेना. आम्ही कारखान्याकडे निघालो.

सुपरवायझर पोरसवदा होता, पण कामाचा. त्याने हजेरीचं रजिस्टर काढून दिलं. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी एक खाडा, त्यानंतर रोज हजर. अंगठ्याचं मशीन संसर्गाच्या भीतीने बंद ठेवलं होतं. गेटवर ताप मोजायचे, ओळखपत्र बघायचे आणि आत सोडायचे. ओळखपत्रावर फोटो असतो, पण मास्कवर कुठे फोटो असतो?

"माणूस कसा आहे?" मी विचारलं.

"साहेब, खरं सांगू? आधी रोज माझी बोलणी खायचा. नळी वाकडी गुंडाळायचा. आठ दिवसांत काय झालं काय माहीत, त्याच्यासारखं काम कोणाचं नाही. बोलत नाही, मान डोलावतो फक्त. आम्हाला तर अशीच माणसं पाहिजेत."

हॉलच्या काचेतून त्याने आम्हाला लाईन दाखवली. वीस-बावीस माणसं. डोक्याला टोपी, डोळ्यांना गॉगल, तोंडाला मास्क, अंगात पांढरा गाऊन. सख्ख्या आईने ओळखलं नसतं. नळ्यांवर धूळ नको म्हणून पंखे बंद, त्यामुळे सगळे घामाने निथळत होते. कोणी मनगटाने कपाळ पुसत होतं, कोणी बाहीने.

"आपला कोणता?" मी विचारलं. सुपरवायझर बोट दाखवणार, तेवढ्यात हवालदारबाई म्हणाल्या, "थांबा. मी सांगते." दहा मिनिटं त्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "डावीकडून चौथा."

"बरोबर!" सुपरवायझर चकित झाला. "कसं ओळखलं?"

"साहेब, तुम्हीच बघा. घाम आला की हात आधी खांद्याकडे जातो. तिथं काही सापडत नाही, मग परत येतो आणि बाहीने पुसतो." त्या मास्कच्या आत हसत होत्या. "खांद्यावर पदर शोधतोय तो हात. ती बाई आहे, साहेब."

मी पाहिलं. खरंच, हात खांद्यापाशी जायचा, बोटं हवेत काहीतरी चिमटीत धरायची आणि रिकामी परत यायची. मी शेकडो तपास केले, ठसे घेतले, पण असा पुरावा माझ्या डोळ्यांपुढे आयुष्यभर लटकत असून मला कधी दिसला नव्हता.

गेटजवळच्या केबिनमध्ये तिला बोलावलं. दार-खिडक्या उघड्या ठेवल्या. तिने गॉगल काढला, टोपी काढली आणि अंबाडा खाली आला. सुपरवायझर मटकन खुर्चीत बसला. "अहो, मी रोज हिला भाऊ म्हणतोय!"

"मग काय झालं?" ती म्हणाली. "बहिनीला भाऊ म्हनलं तर काय बिघडतंय?"

ती त्या कामगाराची बायको होती. घाबरलेली होती, पण आवाज घट्ट होता. हवालदारबाईंनी तिला पाणी दिलं. तिने एका दमात तांब्या रिकामा केला. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, कारण बाथरूमला जायची तिची सोय नव्हती. बायकांकडे जाता येत नव्हतं आणि पुरुषांकडे जायचा प्रश्नच नव्हता. सात दिवस तिने असे काढले होते.

"साहेब, ठेकेदारानं सगळ्यांम्होरं सांगितल्यालं, ठेक्याचा मानूस चौदा दिस घरी बसला तर पंधराव्या दिशी यायचं न्हाई. पर्मनंट लोकास्नी घरी बसून पगार हाय, आमाला न्हाई. ह्यांचा रिपोर्ट आला तसा ह्यांनी मला फोन केला. म्हनले, गोळी खाऊन जातो कामाला, ताप उतरला की गेटवर कोन धरतंय? मी म्हनलं, तुमी जर त्या गेटातून आत गेलात तर मीच पोलिसास्नी फोन करीन. त्या नळ्या दवाखान्यात जात्यात. आपल्या हातानं आजार धाडायचा का तिकडं?"

"मग?"

"मग भाजीच्या टेम्पोत बसून आले. घरी गेलेच न्हाई. बाजारात एक शिलाईवाली चाची हाय, तिच्याकडं उतरले, रात वट्यावर काढली. दुसऱ्या दिशी सकाळी सरकारी दवाखान्यात नाक तपासून घेतलं." तिने कमरेला खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात चार घड्या घातलेली चिठ्ठी होती. निगेटिव्ह. "त्यो एक दिस खाडा झाला बघा. तेवढ्यात ह्यांनी बांधावर ठिवल्यालं कार्ड आन् कापडं आनून धुतली, काम शिकले."

"एका दिवसात? कसं?"

"ह्यांनी फोनवरून सांगितलं. चाचीच्या मागं ठिबकच्या बारीक नळ्या पडल्यात, त्या गुंडाळत बसले. दोन बोटं, तीन येढं, चिमटा. सांजंपातुर जमलं. त्यात काय अवघड हाय?"

सुपरवायझरकडे पाहिलं तर तो खाली मान घालून बूट बघत होता. हेच काम शिकवायला तो नव्या माणसाला आठवडा द्यायचा.

मी विचारलं, "नवऱ्याला भेटायला जात होतीस?"

"सांजचं जाते. बांधावर डबा ठिवते आन् लांब हुबी ऱ्हाते. हे बाजेवरनं इचारतात, आज किती माल काढला? मी सांगते. मग हे गप बसत्यात." ती थोडी हसली, मग एकदम गंभीर झाली. "साहेब, आजार पसरू नये म्हनून आले मी. आता आजार पसरवला म्हनून मलाच धरताय व्हय?"

आरोग्य केंद्रात तिची पुन्हा तपासणी करायला लावली. पुन्हा निगेटिव्ह. म्हणजे रोग पसरवल्याचा प्रश्न निकाली निघाला. उरली तोतयेगिरी.

तिचा जबाब पडताळायला शिलाईवाल्या चाचीकडे गेलो. साठीच्या मुसलमान बाई, दिवसभर मास्क शिवायच्या. पोलीस दारात बघून मशीन थांबवली नाही. "आता काय इचारता? व्हय, मीच दिली प्यांट आखूड करून. चार बोटं दुमडली. पन माझ्या घरात पाऊल नव्हतं टाकू दिलं, आदी नाक तपासून ये बोल्ले. चिठ्ठी दाखवली, मग भाकर दिली. लिवा तुमच्या कागदात, आन् हेबी लिवा की पोलिसाचा मास्क नाकाखाली हाय."

मी मास्क वर केला.

दुपारी ठेकेदार स्वतःहून ठाण्यात आला. बातमी पोचलीच होती. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात दोन मोबाईल. सुतळीच्या पलीकडून न ओरडता सुद्धा सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज. "साहेब, ही सरळसरळ फसवणूक आहे. नवरा-बायको दोघांवर गुन्हा दाखल करा. मी फिर्याद देतो. ठेक्याच्या माणसाला घरबसल्या पगार द्यायला मी काय धर्मशाळा उघडली आहे?"

मला त्याचा राग आला होता, पण रागाचा उपयोग चौकशीत होत नाही. मी खुर्ची पुढे केली, चहा मागवला आणि म्हटलं, "फिर्याद जरूर घेतो. पण फिर्याद भक्कम हवी. तुमचा मस्टर, पगारपत्रकं, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, बिलं, जे असेल ते सगळं आणा. कोर्टात कागद बोलतो."

तो खूश झाला. तासाभरात जाडजूड फाईल घेऊन हजर. पानं नीट लावलेली, वर ठेक्याचा करार, कामगारांच्या शिस्तीचे नियम. मी फाईल नेहमी मागून वाचतो. माणूस दाखवायची पानं वर लावतो आणि मागच्या पानांना विसरतो. मागून सहावं पान हे कंपनीचं पत्र होतं. ठेकेदाराच्या नावे. कोरोनाबाधित किंवा विलगीकरणात असलेल्या ठेका कामगारांनाही विलगीकरणाच्या दिवसांचा पूर्ण पगार द्यावा, ती रक्कम बिलात लावावी, ही सूचना कामगारांना दिसेल अशी लावावी. खाली पोच म्हणून ठेकेदाराची झोकदार सही.

पुढची दोन पानं म्हणजे त्याने लावलेली बिलं. त्यांत चार कामगारांचे विलगीकरणाचे दिवस मांडून पैसे घेतलेले होते.

मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. "हे चौघं कोण?"

"होते... साहेब, सोडून गेले ते."

"आपणहून गेले, की पंधराव्या दिवशी काढले?"

"तसं नाही साहेब, त्याचं असं आहे..." आणि मग तो बोलायला लागला. एका साध्या प्रश्नाला त्याने पाच उत्तरं दिली, आणि पाचवं पहिल्याशी जुळेना. हवालदारबाई कोपऱ्यात बसून लिहून घेत होत्या. अखेर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "दादा, फिर्यादी म्हणून लिहायचं की आरोपी म्हणून? म्हणजे मी कागद बदलते."

ठाणे अंमलदाराला हसू आवरेना, तो बाहेर निघून गेला. ठेकेदाराने चहाला हात लावला नाही.

त्या चौघांना शोधून जबाब घेतले. एक मिरजगावच्या बाजारात हमाली करत होता, दुसरा लोकांच्या शेळ्या राखत होता, दोघे गावाकडे परतले होते. विलगीकरणाचा एक रुपयाही कोणाला मिळाला नव्हता. असा पगार आपल्याला मिळतो हेच त्यांना माहीत नव्हतं. पगारातून कामगार विम्याची कपात दर महिन्याला होत होती, पण विम्याचं कार्ड कोणी कधी पाहिलं नव्हतं. मी सरकारी कामगार अधिकाऱ्यांना बोलावलं. त्यांनी रजिस्टरं ताब्यात घेतली. ठेकेदारावर फसवणुकीचा आणि अपहाराचा गुन्हा दाखल झाला, त्याचा ठेका गेला. चौघांना पैसे मिळाले आणि तिघे कामावर परत आले. शेळ्यांवाला काही आला नाही. म्हणाला, शेळ्या बऱ्या, त्या मस्टर मागत नाहीत.

त्या बाईचं काय करायचं, हा प्रश्न शिल्लक होता. दुसऱ्याच्या ओळखपत्रावर आत जाणं हे कायद्याने योग्य नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं आणि लेखी समजही दिली. पण कंपनीची तक्रार नव्हती, नुकसान कोणाचं झालं नव्हतं. तसा अहवाल वरिष्ठांना पाठवला. साहेबांचा फोन आला. "अरे, मला एक नीट सांग. तो कामगार हजर होता की गैरहजर?"

"सर, कामगार गैरहजर होता. काम हजर होतं."

पलीकडून बराच वेळ नुसतं हसणं ऐकू आलं.

कामगार अधिकाऱ्यांनी मार्ग काढला. नवऱ्याला विलगीकरणाचा पगार, आणि बायकोला तिने भरलेल्या दिवसांचा पगार, तिच्या स्वतःच्या नावावर. सुपरवायझर मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, तो बरा झाला की येऊ द्या, पण हिला जाऊ देऊ नका." ती कायम राहिली. बायकांच्या लाईनवर, स्वतःच्या ओळखपत्रावर, दिवसभर पाणी पिऊन. नवराही बरा होऊन परत आला. पुढे एकदा भेटला तेव्हा म्हणाला, "समदं ब्येस हाय साहेब. एकच तरास हाय. सुपरवायझर रोज म्हनतो, बायकोसारखं कर."

या केसने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर मी ठेकेदाराचं नाही, माझं सांगतो. पहिल्या लाटेत मी स्वतः पॉझिटिव्ह आलो होतो. सरकारी निवासस्थानात दोन आठवडे पडून होतो. पगार एक तारखेला आला, आणि तो येणार की नाही हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. त्यानंतर वर्षभर मी विलगीकरण मोडणाऱ्यांना पकडलं, दम दिले, गुन्हे नोंदवले. हा माणूस घरात का थांबत नाही, हे एकालाही विचारलं नव्हतं.

त्या बाईचा जबाब घेतला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला माझ्यापुढे माझंच ठाणं उभं होतं. पोलीस शिपाई, आणि शेवटच्या रांगेत होमगार्ड. होमगार्डला जेवढे दिवस ड्यूटी, तेवढाच भत्ता. रोजच्यासारखं विचारलं, "कोणाला ताप, सर्दी, घसा?" रोजच्यासारखं कोणी हललं नाही. इतके महिने मी याला पोलिसांचं उत्तम आरोग्य समजत होतो.

मग मी सांगितलं, "जो आजारी असेल त्याने आजपासून घरी बसायचं. होमगार्डचा भत्ता बुडेल, तर घरखर्च आम्ही पगारवाले वर्गणी काढून देऊ. पहिली वर्गणी माझी. आता परत विचारतो."

मग मागच्या रांगेतून एक हात वर आला. "साहेब, परवापासनं घसा दुखतोय." त्याच्या शेजारी दुसरा हात वर आला. मग तिसरा.

हवालदारबाईंनी ड्यूटीचं रजिस्टर उघडलं. "साहेब, तिघंही हायवेच्या नाकाबंदीला होते. आता तिथं कोण?"

"माझं नाव लिहा," मी म्हणालो.

त्या दिवशी दुपारी चार तास मी डांबरी रस्त्यावर काठी घेऊन उभा होतो. मास्क नाकाच्या वर, घामाने डोळे चुरचुरत होते. एक टेम्पोवाला थांबला, पास दाखवला आणि म्हणाला, "काय हवालदारसाहेब, आज नवीनच दिसताय?"

मी म्हटलं, "हो, तिघांच्या बदलीवर आलोय," आणि त्याला पुढे जायला हात केला.